अमेरिकेतून मेक्सिकोत राहायला जाताना घरसामान स्वतःच्या ट्रेलरने नेता येतं का?

हो, येतं. रेसिडेंट व्हिसा असेल तर आधी मेक्सिकन कॉन्सुलेटमधून 'मेनाहे दे कासा'चा (घरसामानाचा) दाखला घ्या, म्हणजे वापरलेल्या घरसामानावर आयातकर लागत नाही. खरी मेहनत यादीची: ती स्पॅनिशमध्ये हवी, आणि मिक्सरपासून टीव्हीपर्यंत विजेच्या प्रत्येक वस्तूचा ब्रँड, मॉडेल, सिरियल नंबर त्यात हवा. फ्रिज ट्रेलरमध्ये चढवण्याआधीच त्याच्या नंबरच्या पट्टीचा फोटो काढा, नाहीतर बांधलेले दोर पुन्हा सोडावे लागतील. सीलबंद नव्या वस्तू यात बसत नाहीत. गाडी-ट्रेलरचा तात्पुरता परवाना वेगळा, तो बान्हेर्सितो बँकेकडून मिळतो. सीमेवरच्या नुएवो लारेदो शहरात 'जाहीर करण्यासारखं काही नाही'च्या रांगेत मुळीच शिरू नका. आणि कृपा करून डिकी, खण, जुन्या बॅगा नीट झाडून बघा. बंदुकीची विसरलेली एक गोळीसुद्धा अटकेपर्यंत नेऊ शकते.