गाडीच्या मॅन्युअल सीटच्या जागी टॉप मॉडेलची पॉवर सीट बसवता येते का?

येते. मी बसवलीय, माझ्या २०१६ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० ला, माझं डब्ल्यू ६ मॉडेल, त्याला टॉपच्या डब्ल्यू १० मधली बटणावर मोटरने हलणारी ड्रायव्हर सीट. तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघं गाडी चालवता, रोज सीट पुढे-मागे करायचा कंटाळा आलाय, आणि चारच बोल्ट आहेत तर घरी होईल का. बोल्ट चारच आहेत हे खरंय, पण अडचण बोल्टची नाहीच.

आमचंही तेच होतं. मी सहा फूट, बायको पाच फूट एक इंच, त्यात उंचीचा तो साइडचा लिव्हर, हापशावर पाणी काढल्यासारखा हापसत बसायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या स्क्रॅप मार्केटमध्ये मागून ठोकलेल्या गाडीची सीट मिळाली, त्याने पंचवीस सांगितले, अठरा हजारात दिली. तिथे गेलात तर आधी सीट उलटी करून बघा, रेलच्या खाचेत वाळलेला गाळ किंवा कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर पुरातली गाडी आहे, हात जोडून निघा. आणि सीटखालच्या कनेक्टरचं गाडीकडचं तोंड पण वीतभर वायरसकट कापून मागून घ्या, हे मी विसरलो आणि त्या एवढ्याशा प्लास्टिकसाठी परत एक फेरी झाली. सीट रेलसकट (ज्या पट्ट्यांवर ती सरकते) घ्यायची आणि तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच जनरेशनची घ्यायची. दुसऱ्या गाडीची सीट फ्लोअरला नवीन भोकं पाडून किंवा पट्ट्या वेल्ड करून बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, अपघातात तुम्हाला धरून ठेवणारी वस्तू आहे ती.

आता करंटचं. साध्या पॉवर सीटला दोनच जाड वायर लागतात, कायम चालू असलेला बारा व्होल्ट आणि बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह. मोटर उलटी-सुलटी फिरवायचं काम सीटवरचा स्विचच करतो, वेगळी कंट्रोल युनिट वगैरे लागत नाही (प्रत्येकाची जागा लक्षात ठेवणारी मेमरीवाली सीट असेल तर सगळंच वेगळं, त्यात पडू नका). आमच्या इलेक्ट्रिशियनने शॉर्टकट मारला, मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटच्या वायरला जोड दिला. रिकामी सीट मस्त हलली, तो पण खूश मी पण खूश, मग मी बसलो, माझं वजन ९२ किलो, उंचीचं बटण दाबलं आणि फ्यूज गेला. पुढे-मागे सरकायला मोटरला फार जोर लागत नाही, पण माणसासकट सीट उचलायला बराच करंट खेचते. मग बॅटरीपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढली, बॅटरीच्या अगदी जवळ ३० अँपिअरचा फ्यूज टाकला आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, नेताना भोकातल्या रबरी ग्रोमेटमधूनच नेली, नाहीतर पत्र्यावर घासून घासून एक दिवस वायर शॉर्ट होते.

अजून एक गंमत जी कुणीच आधी सांगितली नव्हती. मागचे दोन बोल्ट लावायला सीट पुढे सरकवावी लागते आणि पुढचे लावायला मागे. मॅन्युअलला दांडी ओढली की झालं, पॉवर सीटला करंटच नसेल तर ती ढिम्म हलत नाही. आमची पार मागे नेऊन ठेवलेली होती. शेवटी घरातल्या यूपीएसची छोटी बॅटरी आणून जाड वायरींना लावली, फक्त जाड वायरींना, तेव्हा कुठे सरकली. जुनी सीट काढल्यावर खाली शेंगदाणे, खालापूर टोलच्या तीन पावत्या आणि बायकोचं एक कानातलं निघालं, ते हरवल्याबद्दल मी दोन वर्षं बोलणी खाल्ली होती.

पण खरी भीती बाळगायची ती पिवळ्या कनेक्टरची. पिवळं म्हणजे एअरबॅग. माझ्या गाडीत पुढच्या दोनच एअरबॅग, आणि आणलेल्या सीटच्या पाठीत साइड एअरबॅग तशीच न फुटलेली. ती जोडायला गाडीत जागाच नाही, आणि तशीच पाठीशी घेऊन फिरायचं मला पटेना, म्हणून त्यातलं काम येणाऱ्या माणसाकडून ती काढून घेतली, स्वतः हात लावला नाही. तुमच्या गाडीला सहा एअरबॅग असतील तर उलटं, तुमचं पिवळं कनेक्टर नव्या सीटला जुळायलाच हवं, आणि सीटमधली बॅग कधी फुटलेली नको. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून पाच-दहा मिनिटं थांबा, आणि ते कनेक्टर सुटलेलं असताना चुकूनही इग्निशन ऑन करू नका, डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुतेक गाड्यांत गॅरेजमधला स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. कोणी म्हणालं रेझिस्टर टाकून दिवा घालवतो तर नको म्हणा, दिवा जाईल आणि बॅग पण उघडणार नाही. सीटबेल्टचं बकल सीटलाच असतं, त्याचं कनेक्टर जुळलं नाही तर जुन्या सीटचं बकल काढून बसवता येतं का बघा, मी तेच केलं.

एकूण मजुरी, वायर, कुर्ल्याच्या फेऱ्या धरून पंचवीसच्या आसपास गेले. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत वायरिंगला हात लावू नका, इन्शुरन्सवाल्यांना पण मेल टाकून ठेवा.

आणि तुमचा त्रास फक्त पुढे-मागेचाच असेल तर खरं सांगू का, नका करू. उंची आणि मांडीखालचा कोन हवा तसा मिळतो, माझी कंबर त्याने बरीच सुधारली, पण मेमरी नसल्यामुळे बटण रोज दाबून धरावंच लागतं आणि या टोकापासून त्या टोकाला जायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. जुनी दांडी होती तेव्हा तेवढ्या वेळात बायको सोसायटीच्या गेटबाहेर पडलेली असायची.