मिनी पीसीला यूएसबीने दोन हार्ड डिस्क जोडून घरचा नॅस (घरातल्या नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल वापरता येणारी स्टोरेज पेटी) केला तर चालेल का?

मिनी पीसी चालेल, पण यूएसबीवरच्या दोन डिस्कचं रेड (दोन्ही डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी ठेवणं) करू नका, रेड पाहिजेच असेल तर सरळ साटा पोर्ट (डिस्क थेट जोडायची जागा) असलेला छोटा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घ्या. कारण डिस्क बसवायच्या यूएसबी केसमध्ये जी साटा टू यूएसबी चिप असते ती लोड आला की कधीकधी रिसेट होते, डिस्क क्षणभर गायब होते, रेडला वाटतं डिस्क गेली आणि मग तासन् तास रिबिल्ड (त्या डिस्कवर सगळा डेटा पुन्हा भरणं) चालू, नेमकी त्यातच दुसरी डिस्क पडली तर सगळाच डेटा गेला. शिवाय काही चिप स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची) माहिती पुढे देतच नाहीत, मग डिस्क खराब होत चाललीय हे कळणार कसं? ट्रूनॅस या नॅसच्या सॉफ्टवेअरवालेही यूएसबी डिस्क टाळा असंच सांगतात. स्पीडचं टेन्शन घेऊ नका, गिगाबिट लॅनवर प्रत्यक्षात सेकंदाला 110 एमबीच्या आसपासच मिळतं आणि तेवढं एक साधी 3.5 इंची डिस्कही देते. इंटेल एन100 सारखा 6 वॅटचा प्रोसेसर फाइल शेअरिंगला भरपूर झाला. यूएसबीच वापरायचं असेल तर:

- केस स्वतःचा पॉवर अ‍ॅडॅप्टर असलेली घ्या
- दोन्ही डिस्क वेगवेगळ्या ठेवा, रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने एकीवरून दुसरीवर कॉपी, डिलीटचा ऑप्शन न लावता, म्हणजे चुकून उडवलेली फाइल दुसरीकडे सापडते

फक्त या दोन्ही डिस्क एकाच घरात आहेत, त्यामुळे फोटो आणि कागदपत्रांची एक कॉपी घराबाहेर कुठेतरी ठेवाच, हे रेड केलं तरी लागू आहे.