कायदेविषयक सल्ला: मोफत वकील मिळाला असताना उचल कशाला?

प्रश्न: अंबाजोगाई तालुक्यात आमचे दोन एकर कोरडवाहू रान आहे. बांधाच्या भांडणात भावकीतल्या एकाचे डोके फुटले आणि माझे पती व चुलत दीर यांच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. पती दोन महिन्यांपासून बीडच्या तुरुंगात आहेत. होते तेवढे पैसे पहिल्या वकिलांना दिले, पण खालच्या कोर्टात जामीन झाला नाही. आता दोघांनाही एकच मोफत वकील मिळाले आहेत. ते अजून पतींना भेटलेले नाहीत. सरकारने दिलेला वकील सरकारचेच ऐकणार, असे गावात म्हणतात. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, द्यायला तयार आहे. ती घेऊन खासगी वकील लावावा का? आमच्याकडे उत्पन्नाचा दाखलाही नाही.

उत्तर: ताई, ही उचल घेऊ नका. मुकादम पैसे देतो ते अख्ख्या कोयत्याचे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचे, आणि पती आत असताना ते आपण एकटीने अंगावर घेतले तर हंगामात दुसरा माणूस कोठून उभा करणार? पतींच्या बचावासाठी या कर्जाची आज गरज नाही.

गावातला समज चुकीचा आहे. फिर्यादी पक्षाची बाजू मांडणारे सरकारी वकील वेगळे आणि आपल्याला मिळालेले वकील वेगळे. हे वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, म्हणजे जिल्हा न्यायाधीश ज्याचे अध्यक्ष असतात त्या संस्थेमार्फत, नेमले जातात. पोलिसांचा किंवा सरकारी वकिलांचा त्यांच्यावर कोणताही अधिकार चालत नाही. २०२२च्या योजनेनुसार नेमलेले लोकअभिरक्षक तर पूर्णवेळ आरोपींच्या बचावाचेच काम करतात आणि त्यांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. ही मदत म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. गरीब आरोपीला वकील मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधील हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात स्पष्ट केले आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सध्या तहसीलच्या चकरा मारू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२नुसार कोठडीत असलेली व्यक्ती उत्पन्न न पाहता मोफत वकिलास पात्र ठरते. पती जामिनावर सुटल्यानंतर मात्र उत्पन्नाची अट लागू शकते. महाराष्ट्रात ती मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये आहे आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरते.

वकील भेटत नाहीत ही तक्रार मात्र मी हलकी मानत नाही, कारण आरोपीशी न बोलता केलेला बचाव हा नावापुरताच असतो. जखम झालेली असल्याने या गुन्ह्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि अशा प्रकरणांत विधी सेवेमार्फत किमान १० वर्षे वकिली केलेल्या वकिलाचीच नेमणूक व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये अनोखीलाल प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा प्राधिकरणाच्या सचिवांना साध्या कागदावर अर्ज द्या आणि त्यात अनुभवी वकील, शक्यतो मुख्य लोकअभिरक्षक, तसेच वकिलांची तुरुंगात भेट, या दोन्ही गोष्टी मागा. पतींनाही कारागृह अधीक्षकांमार्फत असाच अर्ज पाठवता येईल. चुलत दीर आणि पती यांचे म्हणणे एकमेकांच्या विरोधात जाणार असेल, म्हणजे काठी कोणी मारली यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर दोघांना एकच वकील असणे धोक्याचे आहे. तसे असल्यास वेगळा वकील मागण्याचे कारण अर्जात स्पष्ट लिहा. पहिल्या वकिलांचे वकीलपत्र अजून कायम असेल, तर त्यांच्याकडून ना-हरकत घेऊन ठेवा.

आता तारखेकडे लक्ष द्या, कारण आपल्या प्रकरणातील सर्वांत निकडीची गोष्ट तीच आहे आणि पत्रात तिचा आपण उल्लेखही केलेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७नुसार अशा गुन्ह्यात पोलिसांनी ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग आरोप कितीही गंभीर असो. हे दिवस अटकेपासून नव्हे, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस धरून मोजतात. मुदत संपल्यानंतर, पण दोषारोपपत्र दाखल होण्याआधी, अर्ज झाला नाही तर हा हक्क हातचा जातो. म्हणून पहिल्या रिमांडची तारीख आजच काढा आणि मुदत कधी संपते हे वकिलांकडून लिहून घ्या. तोपर्यंत थांबून राहण्याचेही कारण नाही; सत्र न्यायालयात नियमित जामिनाचा अर्ज करता येतो, आणि तेथे नकार मिळाल्यास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाण्यासाठीही मोफत वकील मिळतो.

वकिलांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआर) प्रत, सातबारा, बांधाची मोजणी झाली असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाचा नकाशा आणि तहसीलदारांकडे पूर्वी केलेल्या अर्जाची पोच बरोबर घ्या. त्या दिवशी पतींनाही मार लागला असेल आणि अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात उपचार झाले असतील, तर तो केसपेपर सर्वांत आधी शोधा. हल्ला एकतर्फी नव्हता हे त्यावरून दाखवता येते आणि जामिनाच्या वेळी त्याचा मोठा आधार होतो.

मोफत वकिलाला किंवा त्यांच्या नावाने कोणी मागेल त्याला एक रुपयाही देऊ नका. अशी मागणी झाली तर सचिवांकडे लेखी तक्रार करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार मिळत नाही म्हणून अनेक जण आतच राहतात, तेव्हा स्वतःच्या नावावर सातबारा असलेला एखादा नातेवाईक आताच तयार ठेवा. आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी ते प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दिले आहेत. जामिनाच्या अटी झेपत नसतील, तर त्या शिथिल करण्याचा अर्जही हेच वकील विनाशुल्क करतील.