लार्किन इमारतीचा उरलेला खांब

प्रश्न : वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेली लार्किन कचेरी खरंच पाडली का? तिथे आता काय आहे?

उत्तर : हो, १९५० साली. टपालाने साबण विकणाऱ्या लार्किन कंपनीसाठी १९०६मध्ये ती अमेरिकेतल्या बफेलो शहरात उभी राहिली. शेजारून रेल्वेचा धूर यायचा, म्हणून बाहेरून विटांच्या बंद भिंती आणि मधोमध, आपल्या वाड्यासारखा, पण पाच मजली उंच चौक; वरून काचेतून उजेड. हवा धुऊन आत सोडत. मला सगळ्यात आवडते ती तिथली खुर्ची : टेबलालाच जोडलेली, आत दुमडणारी, म्हणजे झाडताना फरशी मोकळी! ट्रकतळासाठी हे सगळं पाडलं आणि तो तळ झालाच नाही, याची चुटपुट मला अजून लागते. आता तिथे गाड्या लावतात; कुंपणाचा एक विटांचा खांब तेवढा उरलाय.