लँकेस्टरचा पूर्वज आणि ‘नोंद आढळत नाही’

ताई, आपण सुनेच्या माहेरचे मूळ शोधत आहात. मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टरच्या पूर्वजाचे मृत्युवर्ष एका वंशवृक्षात १६७५ आणि दुसऱ्यात १६७६ का दिसते, आणि १७१७ च्या सुमारास वारलेल्या त्याच्या मुलाचे मृत्युपत्र वूस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) का सापडत नाही, हे आपले प्रश्न वाचून मला माझीच जुनी अवस्था आठवली, कारण जावयाच्या घराण्याचा माग काढताना मीही याच गावात अडकलो होतो.

पहिल्या प्रश्नात वाद नाहीच. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला, म्हणजे साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास लागत असे; त्यामुळे किंग फिलिपच्या युद्धात, म्हणजे तिथले मूळ रहिवासी आणि इंग्रज वसाहतवाले यांच्या लढाईत, लँकेस्टरवर १० फेब्रुवारीला झालेला हल्ला तेव्हाच्या कागदांत १६७५ चा आहे आणि आजच्या हिशेबाने १६७६ चा. म्हणून पूर्वजाच्या मृत्यूचे सालही १६७५/७६ असे जोडूनच लिहावे.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझे आठ महिने खाल्ले. वूस्टरच्या एका कचेरीत शुल्क भरून मी चौकशी केली आणि दीड महिन्याने एका ओळीचे उत्तर आले की, या नावाची नोंद आढळत नाही. उत्तर खोटे नव्हते, आणि मला राग त्याचाच आहे. वूस्टर काउंटी स्थापन झाली १७३१ साली. त्यापूर्वी लँकेस्टर मिडलसेक्स काउंटीत होते, आणि एवढे कळवायला त्यांना आणखी एकच ओळ लिहावी लागली असती. मी समजलो की जावयाचा हा पूर्वज निष्कांचन वारला असणार. मग त्याच्या जागी त्याच नावाचा बॉस्टनचा एक माणूस बसवून मी थेट इंग्लंडपर्यंत पोहोचलो, आणि तो तक्ता नातीच्या शाळेत भिंतीवर लागलासुद्धा.

पुढे मिडलसेक्सच्या जुन्या वारसा-दप्तराच्या प्रतिमा चाळताना खरा माणूस भेटला. मृत्युपत्रासोबत मालमत्तेची यादी होती: घर, कुरण, दोन बैल, एक पितळी किटली, एक जुनी बंदूक, आणि तळाशी लिहिता न येणाऱ्या विधवेने नावाऐवजी काढलेली वाकडी फुली. मोडी वाचायची सवय असल्याने अक्षराने फार छळले नाही. छळले ते ओळखीच्या शब्दाने. ‘सन-इन-लॉ’ दिसताच मी एक मुलगी कल्पून तिचे लग्नही लावून टाकले होते. त्या काळी सावत्र मुलालाही हाच शब्द लावत, आणि हा मुलगा विधवेच्या पहिल्या नवऱ्याचा निघाला. नावापुढचे ‘ज्युनिअर’ही असेच फसवे असते, तो मुलगाच असेल असे नाही, पुतण्या किंवा गावातला त्याच नावाचा कोणी तरुणही असू शकतो.

मी केवळ हौशी माणूस आहे आणि माझा अनुभव मॅसॅच्युसेट्सपुरता आहे. शेजारच्या कनेटिकटमध्येच जमिनीची खते काउंटीऐवजी गावाच्या दप्तरात असतात. तरीही कागदाचा आधार न दाखवणारा वंशवृक्ष मी पुरावा मानत नाही, मग तो शंभर जणांनी उतरवून घेतलेला का असेना. आपण मिडलसेक्सकडे मृत्युपत्र, कारभारपत्र (मृत्युपत्र न करता वारलेल्याच्या मालमत्तेचा कारभार सोपवणारा कागद) आणि मालमत्तेची यादी, तिन्ही नावे घालून विचारावे. मुलांनी १७३१ नंतर जमीन विकली असेल तर ते खत मात्र वूस्टरलाच मिळेल, आणि कोण कोणाचा वारस हे पुष्कळदा त्यातच लिहिलेले असते.