‘द पेनी हॅज फायनली ड्रॉप्ड’ म्हणजे नक्की काय? यात पैशाचा काय संबंध?

तुमच्या ब्रिटिश सहकाऱ्याने ईमेलमध्ये हे लिहिलंय, तर हिशेबाची वही उघडू नका. तो एवढंच म्हणतोय की ‘आत्ता कुठे माझी ट्यूब पेटली!’

‘समजलं’ न म्हणता मी मुद्दाम ‘ट्यूब पेटली’ म्हणतोय. सगळी गंमत उशिराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पेनी टाकून चालणारी यंत्रं आली. त्या नाण्याच्या वजनाने आतली दांडी खाली जायची आणि यंत्र चालू व्हायचं. जुनी पेनी चांगली साडेनऊ ग्रॅमची. पण नाणं कधी मधेच अडकायचं. माणूस वाट बघत उभा, एखादी थाप मारतो, मग आतून ‘खट्ट’! वाक्प्रचार याच यंत्रांवरून आला असं मानतात. जर्मन लोकांचा ग्रोशन पडतो, डचांचं क्वार्त्ये; नाणी वेगळी, खट्ट तोच. आपली जुनी ट्यूबही स्टार्टरवर दोनतीनदा फडफडूनच लागायची.

म्हणून वापरताना एक बघायचं: खूण आधीच समोर होती का? मागे एका ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘कोणाकडे तरी कुत्रं फारच भुंकतंय.’ मीही हसलो. वर ‘हो ना, काय वैताग!’ असंही म्हणालो. दोन मिनिटांनी शेजारच्या खोलीकडे बघितलं आणि पेनी पडली. माइक माझाच चालू होता. याउलट एखाद्याला नवीन कल्पना सुचली, तर तिथे हा वाक्प्रचार बसत नाही. ‘डोळे उघडले’ हेही याचं भाषांतर नव्हे. त्यात ठेच लागल्याचा भाव आहे, इथे बहुतेक वेळा नुसती फजिती असते.

‘माय पेनी ड्रॉप्ड’ किंवा ‘आय ड्रॉप्ड द पेनी’ म्हणू नका. पेनी कुणाच्या मालकीची नसते आणि ती कुणी पाडत नाही, आपली आपण पडते: ‘द पेनी ड्रॉप्ड’, बस. अमेरिकन माणूस बहुधा दिवा लागल्याचं बोलेल.

आणि ‘हॅज द पेनी ड्रॉप्ड येट?’ हे साहेबांना विचारू नका. ‘पेटली का ट्यूब?’ जितकं झोंबतं तितकंच तेही झोंबतं.