प्रवाळांआधी चिलर घे

घरच्या समुद्री मत्स्यटाकीत प्रवाळ पाळायचेत ना? मग प्रवाळ नंतर, आधी चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र बघ. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमधल्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांपुढे जातं; मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) दगडी प्रवाळांना २५-२६ मानवतं. मी दोन दिवस गावाला गेलो आणि माझा पहिला टॉर्च कोरल, याच जातकुळीतला प्रवाळ, असाच गेला, अजून चुटपुट लागते.

टाकीचं समुद्री मीठ आरओच्याच पाण्यात कालव. क्षारता (अल्कलिनिटी) ८-९ डीकेएच, म्हणजे ती मोजायच्या एककात, ठेव, रोज वर-खाली नको. प्रवाह मध्यम, जोराच्या झोताने मांसल भाग सांगाड्यावर घासून फाटतो. रात्री लांब दंशतंतू बाहेर येतात, ते शेजारच्या प्रवाळाला डसतात, म्हणून दोन प्रवाळांत वीतभर अंतर हवंच.

आणि आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. आयातीची कागदपत्रं न दाखवणाऱ्याकडून तुकडाही घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो.